पहिली पसंती कोणाची?

दहावीचा निकाल लागला की पेढे वाटायचे आणि दाखला हाती पडला की कॉलेजचे कार्यालय गाठायचे, हा आमच्या राहुरी तालुक्यातला कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. मी स्वतः २०२२ साली असाच अकरावीत आलो. वडील बरोबर होते. खिडकीपाशी रांग होती आणि रांगेत निम्मे चेहरे ओळखीचे होते. फॉर्म भरला, फी भरली, पावती खिशात घातली आणि स्टँडवर चहा पिऊन आम्ही दुपारच्या गाडीने घरी परतलो. प्रवेश घेणे ही काही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, असे तेव्हा मनातही आले नाही.

२०२५ साली माझी धाकटी बहीण दहावी झाली आणि हा विचार करणे भाग पडले. त्या वर्षी शासनाने अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने केले. मुंबईत ही पद्धत २००९ सालीच आली होती. पुढे पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती ही शहरे तिच्यात आली. आता खेड्यापाड्यांतली कनिष्ठ महाविद्यालयेही आली. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती, पण पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि २६ मेपासून नव्याने आरंभ करावा लागला. प्रथमग्रासे मक्षिकापात! वर्तमानपत्रांनी त्यावर पुष्कळ लिहिले. माझी तक्रार ती नाही. यंत्र बिघडते आणि दुरुस्तही होते. माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते सांगण्यासाठी घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीत माझीही चूक आहे, म्हणून सांगायला थोडा संकोच वाटतो.

अर्जात महाविद्यालयांच्या पसंतीचे रकाने होते. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. वडील म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस, तूच भर." म्हणून मी बहिणीला घेऊन राहुरीत एका इंटरनेटच्या दुकानात गेलो. दुकानात जत्रा भरली होती. आमचा नंबर आला तेव्हा दुकानदाराने मान वर न करता विचारले, "टक्के किती?" बहिणीने सांगितले, अठ्ठ्याहत्तर. "मग पहिलं नगरचं टाकू. वर मोठं कॉलेज लिहायचं असतं. राहुरी दोन नंबरला." बहीण हळूच म्हणाली, "दादा, राहुरीच ना?" मी म्हणालो, "अगं, आहे की दोन नंबरला." एवढे बोलून मी मोबाईलवर ओटीपीसाठी वडिलांना फोन लावू लागलो. ते उसाला पाणी देत होते. ओटीपी आला, अर्ज लॉक झाला, आम्ही पैसे देऊन बाहेर पडलो. सगळे मिळून दहा मिनिटेही लागली नसतील.

यादी लागली आणि बहिणीला पहिली पसंती मिळाली, म्हणजे नगर. वडिलांनी एवढेच विचारले, "रोज?" आमच्या गावातून सकाळी राहुरीला एक एस.टी. जाते आणि गावच्या सगळ्या मुली तिनेच जातात. राहुरीहून नगर आणखी पस्तीस-चाळीस किलोमीटर. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत आहे, ही मोठी सोय आहे. पण पास मोफत असला तरी गाडी वेळेवर पाहिजे ना! संध्याकाळी नगरहून राहुरी गाठावी, तर तोवर गावची शेवटची गाडी निघून गेलेली असते.

आता नियम असा होता की पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यायचाच. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांत भाग नाही. शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट पाहायची. आम्ही नाकारला. जून गेला, जुलै गेला. मैत्रिणी एकेक करून प्रवेश घेत होत्या आणि बहीण घरी होती. आमच्याकडे मुलगी घरी बसली म्हणजे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. जुलैमध्ये एक स्थळ विचारून गेले. आई म्हणाली, "अजून अठराची व्हायचीय." स्थळ परत गेले, पण विषय निघाला तो निघालाच. ऑगस्टमध्ये खुल्या फेरीत तिला राहुरी मिळाले, आणि घरात सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला.

यात दोष कोणाचा? प्रथम वाटले, या ऑनलाइनचा. मग मी प्रवेशाचे नियम नीट वाचले, म्हणजे जे मे महिन्यात करायला हवे होते ते ऑगस्टमध्ये केले! तेव्हा कळले की संगणकाने काहीच चुकीचे केले नव्हते. त्याची रीत अगदी साधी आहे. गुणांच्या क्रमाने, आरक्षणाचा हिशेब ठेवून, तो एकेका विद्यार्थ्याला पुढे घेतो. त्याचा पहिला रकाना पाहतो. तेथे जागा असेल तर देतो. नसेल तर दुसरा पाहतो, मग तिसरा. यापलीकडे त्याला काही कळत नाही.

या रीतीतून दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या. पुष्कळांना भीती असते की वर मोठे कॉलेज लिहिले आणि ते हुकले, तर खालचेही हातचे जाईल. तसे होत नाही. आपल्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाने ते खालचे कॉलेज पहिले लिहिले असले, तरी त्याचा नंबर आपल्या मागून येतो. तेव्हा मनापासून हवे असेल ते निर्धास्तपणे वर लिहावे. दुसरी गोष्ट नेमकी उलटी आहे. जे मनापासून नको, ते केवळ मोठे म्हणून कधीही वर लिहू नये. कारण ते मिळू शकते, आणि मिळाले की बांधून टाकते. थोडक्यात, हा अर्ज खरे बोलणाऱ्याचे नुकसान करीत नाही. आम्ही खरे बोललो नाही. आमच्या वतीने दुसराच कोणी बोलला आणि आम्ही मान डोलावली.

आमच्या कॉलेजात या विषयावर चर्चा निघाली की काही प्राध्यापक म्हणतात, "ही शहरांची पद्धत आहे. तिकडे एका जागेमागे दहा जण. आपल्याकडे जागा रिकाम्या राहतात. कशाला हवा हा खटाटोप?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. राज्यात अकरावीच्या जागा वीस लाखांहून अधिक आणि त्यामानाने विद्यार्थी पुष्कळच कमी. शिवाय ऑगस्ट उजाडला तरी प्रवेश चालूच होते. पहिल्या सत्राचा अभ्यास त्यात वाहून गेला, हेही खरे.

तरीसुद्धा मला जुन्या खिडकीकडे परत जावेसे वाटत नाही. माझा प्रवेश तासाभरात झाला तो मी काही थोर होतो म्हणून नव्हे. मला हव्या असलेल्या वर्गात गर्दी नव्हती म्हणून. जेथे गर्दी असते तेथे खिडकीच्या मागे काय चालते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले हे मान्यच केले पाहिजे. पण त्याबरोबर 'देणगी' हा शब्दही घराघरांत पोचला. ती रोखण्यासाठी १९८७ चा कायदा करावा लागला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात या लिलावाला लगाम घातला, पुढच्या निकालांनी त्यात फेरफार झाले, आणि २०१५ साली राज्याने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशांचे व शुल्काचे नियमन करणारा नवा कायदा केला. आज सीईटी कक्षाच्या ज्या फेऱ्यांना आपण कंटाळतो, त्यांच्यामागे हा एवढा इतिहास आहे. ज्याच्या बापाची कोणाशी ओळख नाही, त्याला भिंतीवर लागलेली यादी हाच वशिला असतो. तो वशिला काढून घेऊ नये.

मग अडते कोठे? माझ्या एका मित्राचे उदाहरण देतो. त्याचे शेत महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर आहे. १९६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ म्हणजे आम्हा राहुरीकरांचा अभिमान. पण शेत शेजारी आहे म्हणून तेथे प्रवेश मिळत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे प्रवेश राज्यपातळीवर एकत्र होतात. मित्राला दापोली मिळाले. आज तो तेथे आनंदात आहे. आंबा आणि काजू यांविषयी सुट्टीत आम्हाला व्याख्याने देतो! दापोली त्याने जाणूनबुजून यादीत लिहिले होते. कारण त्याच्या क्लासच्या सरांनी त्याला दोन दिवस समोर बसवून पसंतीक्रम लावून घेतला होता. कोणते कॉलेज, खर्च किती, वसतिगृह आहे का, हे सगळे वहीत लिहून मगच अर्ज भरला.

माझ्या बहिणीसाठी असे दोन दिवस कोणी बसले नाही. कारण ती कलाशाखेला जाणार होती. "आर्ट्सच ना? मग काय विचार करायचा!" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जणू कलाशाखा निवडायची नसते, ती उरते. शास्त्रशाखेच्या मुलाच्या पसंतीला किंमत आहे, त्यासाठी फी देऊन मार्गदर्शन मिळते. आणि आपली पसंती दहा मिनिटांत परका माणूस भरतो. पण मराठी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यांतले काय कोठे शिकवले जाते, याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी? आणि आपल्यापुरता हा प्रश्न अकरावीला संपतही नाही. बी.ए. झाल्यावर आपल्यातले कित्येक जण बी.एड.कडे किंवा कायद्याकडे वळतात. तेथेही सामाईक परीक्षा, केंद्रीय फेऱ्या आणि तोच पसंतीक्रम आहे. वर्गात सहज विचारून पाहिले, तर तिसऱ्या वर्षातल्या मुलांनाही 'पर्याय गोठवणे' म्हणजे काय, ते धड सांगता आले नाही.

ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात २००३ पूर्वी दरवर्षी सुमारे तीस हजार मुलांना त्यांनी यादीत न लिहिलेल्या शाळेत पाठवले जाई. तेथील पालक खरी पसंती लपवून डावपेच लढवीत. मग अल्विन रॉथ व इतर अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने पद्धत बदलली. पसंती खरी लिहिण्यातच मुलाचे हित असावे, हे त्या बदलामागचे तत्त्व होते. या विषयातील कामाबद्दल रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह २०१२ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम कितीही चांगला असला, तरी तो मुलांना आणि पालकांना समजावून सांगितल्याखेरीज कामाचा नाही, हे मात्र पारितोषिक न मिळवताही कळण्यासारखे आहे.

शाळांनी मार्गदर्शन करावे अशी अपेक्षा होती. पण अर्ज भरायचे ते मे महिन्यात, आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असते. म्हणून माझी सूचना आपल्याच महाविद्यालयाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण दरवर्षी गावोगावी जातो. रस्ते झाडतो, झाडे लावतो. ही कामे चांगलीच आहेत. त्यांच्या जोडीला दहावीच्या निकालानंतरचे दहा दिवस आपण वांबोरी, उंबरे, ब्राह्मणी, बारागाव नांदूर, टाकळीमियां अशा गावांत देवळाच्या ओट्यावर का बसू नये? आपल्यातल्या प्रत्येकाकडे मोबाईल आहे. अर्ज नंतर भरावा; आधी कोऱ्या कागदावर मुलीलाच लिहू द्यावे : काय शिकायचे आहे, कोठे, आणि तेथे जाणारी गाडी किती वाजता सुटते आणि किती वाजता परत येते. संकेतस्थळावर महाविद्यालयाचे नाव असते, शाखा असते, जागा असतात, एस.टी.चे वेळापत्रक नसते. ते आपल्याला तोंडपाठ आहे. एवढे केले तरी दहापैकी पहिला रकाना बरोबर भरला जाईल, आणि पहिला बरोबर असला की उरलेल्या नऊंची फारशी चिंता नाही.

ज्यांचे नाव आपल्या शेजारच्या विद्यापीठाला आहे, त्या महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. सरकारी तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला होतो, हे त्यांनी सरकारला ठणकावून सांगितले. आज शाळेचे दार सर्वांना उघडे आहे. पण दाराची कडी एका अर्जात आहे, आणि तो अर्ज वाचता येणारे व न येणारे असे नवे दोन वर्ग पडत आहेत. आपण वाचता येणाऱ्यांत आहोत. मग आपले काही कर्तव्य आहे की नाही?

बहीण आता सकाळच्या एस.टी.ने कॉलेजला येते. परवा मी तिला विचारले, "तेव्हा दुकानात जोरात का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तू विचारलंच नाहीस."

येत्या मे महिन्यात मी आधी विचारणार आहे. माझ्याबरोबर कोण कोण येणार?

(द्वितीय वर्ष, कला)