नोकरदाराचे दप्तर आणि मालकाची जीभ

नोकरी धरताना तुम्ही मालकाच्या हाती काय काय देता, याचा कधी हिशेब केला आहे काय? जन्मतारीख, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, बँकेच्या खात्याचा क्रमांक, आधारचा क्रमांक, बोटांचे ठसे, डॉक्टरचे प्रमाणपत्र, राहत्या घराचा पत्ता, पत्नीचे व मुलांचे नाव. या मोबदल्यात मालकाविषयी तुम्हाला काय कळते? कारखान्याच्या फाटकावरची पाटी आणि पगाराचा दिवस, एवढेच बहुधा. एका बाजूचा सारा संसार कागदावर उतरतो आणि दुसऱ्या बाजूच्या हाती त्या कागदांची किल्ली राहते. या किल्लीचा वापर त्याने कसा करावा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: नोकराने दिलेली माहिती ही मालकाकडे ठेवलेली ठेव आहे. ती ज्या कामासाठी दिली त्या कामापुरतीच ती वापरावी. पगार देण्यासाठी खात्याचा क्रमांक दिला, म्हणून तो गावभर सांगण्याची मुभा मिळत नाही. राखीव जागेसाठी जातीचा दाखला दिला, म्हणून जात उपाहारगृहात चघळण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, माणसाविषयीची एक माहिती चुकीच्या कानी पडली की काय होते, हे आपणास पुस्तकातून शिकावयाचे नाही. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात त्यांना पारशी नावाने राहावे लागले. थोड्याच दिवसांत त्यांची जात उघड झाली. लाठ्या घेऊन माणसे दारात आली आणि त्यांना बाहेर काढले. त्यांची विद्वत्ता किंवा त्यांचे काम यांविषयी कोणी एक शब्द विचारला नाही. जात कळली, एवढे पुरे झाले. डोक्यावरचे छप्पर गेले आणि पाठोपाठ नोकरीही सुटली.

आज ते दिवस तसेच राहिलेले नाहीत; पण रीत पुरती मेलेली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या समाजाने जात टाकली. तरीही सवलतीचा हक्क बजावावयाचा तर पूर्वाश्रमीच्या जातीचा दाखला द्यावाच लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्या या दाखल्याच्याच आधारे. म्हणजे जे नाव आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो, ते आस्थापना शाखेच्या कपाटात मात्र राहते. ते कायद्याच्या गरजेपुरते राहावे, यास आमची हरकत नाही. पण कपाटातून ते शेजारच्या टेबलावर, टेबलावरून वसाहतीत आणि वसाहतीतून घरमालकाच्या कानी गेले, तर त्या ठेवीचा अपहार झाला असे आम्ही समजतो.

कायदा याविषयी काय म्हणतो? तो एका जागी सापडत नाही, निरनिराळ्या ठिकाणांहून वेचावा लागतो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आयुर्विमा महामंडळाच्या एका महिला कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. नोकरीच्या अर्जात स्त्रियांना मासिक पाळी व गर्भारपण यांविषयी प्रश्न विचारले जात. असे प्रश्न लज्जास्पद आहेत असे ठरवून न्यायालयाने ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका रोजंदारी कामगाराचा खटला चालला. त्यास एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे तपासणीत आढळताच सार्वजनिक क्षेत्रातील मालकाने त्यास काम नाकारले. काम करण्यास तो समर्थ असेल व इतरांना त्यापासून धोका नसेल, तर केवळ बाधेमुळे त्यास दूर सारता येणार नाही, असा निर्णय झाला. त्या निकालात कामगाराचे नाव नाही, दोन अक्षरे आहेत. न्याय त्याला मिळाला. त्याचा आजार मात्र जगाला कळला नाही. पुढे २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने ही गुप्तता पाळणे बंधनकारक केले. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने तक्रारदार स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई केली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखाने निर्वाळा दिला.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कर्तव्यांसाठी तेथून १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. माहिती सुरक्षित न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हे स्वागतार्ह आहे. पण त्यातील उणिवा वाचकांपासून लपविणे आम्हास योग्य वाटत नाही. हा कायदा संगणकातील माहितीपुरता आहे. कागदी दप्तर संगणकात उतरल्यावाचून त्याच्या कक्षेत येत नाही. नोकरीच्या कारणासाठी मालकाला नोकराची संमती न घेताही माहिती वापरता येते. आणि माहिती पाहण्याचा व ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मुख्यत्वे संमतीने दिलेल्या माहितीलाच जोडलेला आहे. म्हणजे जेथे नोकर सर्वांत दुबळा, तेथेच त्याचे हत्यार बोथट. शिवाय २०१९ च्या विधेयकात जात व धर्म यांना नाजूक माहितीचा वेगळा दर्जा होता. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. ज्या देशात एका शब्दाने माणसाचे पाणी तोडले जाते, त्या देशात हा शब्द टेलिफोनच्या क्रमांकाच्या पंगतीस बसविला गेला, याचा खेद वाटतो.

मालकाने काहीच सांगू नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा व प्राप्तिकर या खात्यांना कायद्याने मागितलेली माहिती त्याने दिलीच पाहिजे. ती दडविली तर नुकसान कामगाराचेच. न्यायालयाचा हुकूम त्यास पाळावा लागतो. नव्या मालकाने विचारल्यास हुद्दा व नोकरीचा काळ सांगणे रास्त आहे. कामाविषयी प्रामाणिक मत देणेही गुन्हा नव्हे. सद्भावनेने व हितरक्षणासाठी केलेल्या विधानास कायदा संरक्षण देतो. परंतु आकसाने चोरीचा खोटा आळ घेतला तर ती बदनामी आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तीस शिक्षा आहे. जातीचे नाव घेऊन चारचौघांच्या देखत शिवीगाळ करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. केवळ जात सांगणे त्या कायद्यात बसत नाही, हेही ध्यानी ठेवावे. चुकीच्या कलमाखाली केलेली तक्रार खऱ्या गाऱ्हाण्याचा घात करते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. खाजगीपणाची ढाल आपल्याच विरुद्ध धरली जाण्याचा धोका आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारताना पूर्वी व्यापक जनहिताचा विचार त्याच कलमात होता. २०२३ च्या कायद्याने ते कलम बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती एवढे कारण नकारास पुरते. राखीव जागा किती, भरल्या किती, अनुशेष किती, असे विचारले असता कोणी अधिकारी ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून दार लावील, तर ते मुकाट्याने सोसू नका. संख्या ही कोणा व्यक्तीची नसते, ती समाजाची असते. नाव झाकावे, आकडा झाकू नये. जनहित मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा देणारे त्याच कायद्यातील कलम ८(२) अद्याप शाबूत आहे. सरकारी नोकरांचे वेतन प्रसिद्ध करणे कलम ४ प्रमाणे आजही कर्तव्य आहे. अपिलात यांचा आधार घ्यावा.

तुम्ही स्वतः काय कराल? मालकास दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी व नक्कल घरी ठेवा. दाखल्याच्या छायाप्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली, ते लिहून सही करा. अर्जातील एखादा रकाना कामाशी असंबद्ध वाटला, तर तो कशासाठी आहे हे लेखी विचारा. माहिती बाहेर फुटली, तर कोणी, केव्हा, कोणासमोर सांगितली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. साक्षीदाराचे नाव घ्या. मग आस्थापना अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. एकट्याने भीती वाटत असेल तर युनियनला बरोबर घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच मात्र न्यायालयातही बोलते.

एक गोष्ट शेवटी स्पष्ट करावयाची आहे. आपली माहिती जपण्याचा आग्रह म्हणजे आपण कोण आहोत याची लाज, असा अर्थ कोणी लावू नये. आपला धर्म आपण भर मैदानात, लाखोंच्या साक्षीने स्वीकारला आहे. तो कोणास सांगावा, केव्हा सांगावा, हे ठरविणारे आपण आहोत. आपल्या तोंडून निघालेली ओळख हा आपला अभिमान असतो. तीच ओळख दुसऱ्याने कुजबुजत फिरविली, तर ते हत्यार होते. मालकाने तुमचे श्रम विकत घेतले आहेत, मोजून, तासांच्या हिशेबाने. त्या हिशेबात तुमचे नाव, तुमचे घर आणि तुमची इभ्रत धरलेली नाही. ती विक्रीस नव्हती आणि नाही, हे त्यास लेखी, नम्रपणे, पण निक्षून सांगा.