जखम त्यांची, मलम आपल्याला

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात ‘कलेतून हीलिंग’ नावाचं वर्कशॉप झालं. गोरेगावातली काचेची इमारत, खिडकीतून आरेचं जंगल दिसतं. तिथल्याच एका पाड्यावरचे वारली दादा शिकवायला आले होते. आम्ही चाळीस इंजिनियर गेरूच्या भिंतीवर पांढरी झाडं काढत बसलो. शेवटी सगळे म्हणाले, खूप शांत वाटलं. मलाही वाटलं.

चहा घेताना मी विचारलं, “दादा, तुम्हालाही असंच वाटतं का?” ते खिडकीकडे बघत म्हणाले, “ती कारशेड आहे ना, तिकडे आमची पावसाळ्यातली भाजी मिळायची.”

४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तिथे झाडतोड सुरू झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, तोवर २ हजारांहून जास्त झाडं पडली होती.

माझं म्हणणं सरळ आहे. जमिनीचा विषय टाळून आदिवासींसोबत केलेल्या कलेतून बरं वाटतं ते फक्त आपल्याला.

कुणी म्हणेल, कलाकाराला पैसे मिळतात, कला टिकते. पैसे मिळायलाच हवेत. पण वारली बायका लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. त्या लिहिण्याचा आपण वॉलपेपर केला.

कला खरंच बरं करू शकते. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटाच्या आदिवासींनी १९९७ साली मिळून १० बाय ८ मीटरचं एक चित्र रंगवलं. जमिनीच्या दाव्यात त्यांचं म्हणणं इंग्रजीतून पोचत नव्हतं. मग चित्रातल्या आपापल्या जागेवर उभं राहून, आपापल्या भाषेत त्यांनी साक्ष दिली. २००७ साली कोर्टाने त्यांचा हक्क मान्य केला. ‘नुरारा कॅनव्हास’ म्हणतात त्याला. मी त्याला त्यांचा सातबारा म्हणेन.

यंदाच्या वर्कशॉपचा मेल आलाय. मी एचआरला लिहिलं, या वेळी आपण पाड्यावर जाऊ. काय रंगवायचं ते तिथली माणसं ठरवतील. वनहक्काच्या दाव्याला नकाशा लागत असेल तर तोही करून देऊ, जीपीएस आणि मॅपिंग आपल्याला येतंच.

उत्तर आलेलं नाही. तुमच्याकडे असा मेल आला, तर तुम्हीही हेच विचारा.