वसुलीचा जामीन

फसवणुकीच्या गुन्ह्यातल्या जामीन अर्जाची सुनावणी ज्याने सत्र न्यायालयात एकदा बसून ऐकली आहे, त्याला एक प्रश्न पाठ असतो : 'किती भरता?' सरकारी वकील पोलिसांचा 'से' वाचतात, मूळ फिर्यादीचा वकील बुडालेली रक्कम सांगतो आणि आरोपीचा वकील दोन मिनिटे मागून घेत व्हरांड्यात त्याच्या भावाशी कुजबुजायला जातो. परततो तो आकडा घेऊनच. पंचवीस टक्के आत्ता, बाकीचे चार महिन्यांत. कायद्यात या प्रश्नाला कुठेही जागा नाही. आरोपी पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का आणि तपासासाठी तो कोठडीत खरोखर हवा आहे का, हे न्यायालयाने पाहायचे. तरीही वर्षानुवर्षे जामिनाची खरी बोलणी त्या व्हरांड्यात होत आली.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रिवाज मोडीत काढला, तोही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. सुमारे 1 कोटी 60 लाख रुपयांच्या अपहाराचा आरोप असलेल्या एकाने 25 लाख रुपये भरण्याची हमी देऊन मुंबई उच्च न्यायालयातून जामीन मिळवला. बाहेर आल्यावर पैसे काही भरले नाहीत. जामीन रद्द झाला तेव्हा 'अशी अट घालताच येत नाही' असे म्हणत त्याने दिल्ली गाठली. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने या चलाखीबद्दल त्याचे कान उपटले, पण न्यायालयांनाही सोडले नाही. आरोपी किंवा त्याचे नातेवाईक पैसे भरण्याची हमी देतात म्हणून यापुढे जामीन द्यायचा नाही. अर्जाचा निकाल गुणवत्तेवरच लागला पाहिजे, असे देशभरातल्या उच्च आणि कनिष्ठ न्यायालयांना बजावले. फसवणूक झालेल्यांचे पैसे वसूल करून देणे हे जामीन न्यायालयाचे काम नव्हे, असे याच न्यायालयाने 2023 मध्येही सांगितले होते. तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

हा निर्णय योग्य आहे आणि तो बराच उशिरा आला. ज्याच्याकडे पैसा आहे, किंवा ज्याने लुटलेल्या पैशातला काही भाग जपून ठेवला आहे, त्याच्यासाठी पैसे भरणे ही जामिनाची किंमत ठरते. खोट्या कर्जप्रकरणावर साहेबांच्या सांगण्यावरून सही करणारा पतसंस्थेचा कारकून मात्र आतच राहतो. शिवाय रक्कम भरण्याची तयारी दाखवली की गुन्हा अर्धा कबूल केल्यासारखेच होते, आणि ते खटला उभा राहण्याच्याही आधी. ठेवीदारांच्या पदरात तरी काय पडते? पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने 50 कोटी रुपये भरण्यासाठी संधी दिली, मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. रक्कम आली नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये अटक झाली आणि चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेल्यावर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. ठेवीदारांच्या ठेवी ना त्या तारखांनी परत आल्या, ना त्या तुरुंगवासाने.

आर्थिक गुन्ह्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा स्वतःचा सूरही एक राहिलेला नाही. खून रागाच्या भरात होऊ शकतो, आर्थिक गुन्हा मात्र थंड डोक्याने होतो, असे 1987 मध्ये म्हटले गेले. 2011 मध्ये टू-जी प्रकरणात संजय चंद्रा यांना जामीन देताना याच न्यायालयाने जामीन म्हणजे खटल्याआधीची शिक्षा नव्हे, असे सांगितले. 2013 मध्ये जगनमोहन रेड्डी यांना जामीन नाकारताना आर्थिक गुन्ह्यांचा वर्गच वेगळा ठरवला. मग 2019 मध्ये पी. चिदंबरम यांना जामीन देताना, गुन्हा आर्थिक आहे म्हणून जामीन नाकारावा असा सरसकट नियम नाही, हेही स्पष्ट केले. चारही निकाल आज सरकारी आणि आरोपीच्या वकिलांच्या फायलींत शेजारी शेजारी असतात. ज्याला जो हवा तो तो काढतो.

पण खरी मेख पोलीस ठाण्यात आहे. साध्या फसवणुकीला, म्हणजे जुन्या 420 ला, कमाल सात वर्षे शिक्षा. आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का हवी याची कारणे लेखी द्यावी लागतात, हे 2014 च्या अर्नेशकुमार निकालाने बंधनकारक केले आहे. ही कटकट टाळण्याची सोय म्हणजे कलम 467, न्याय संहितेतले 338. खरेदीखत, मृत्युपत्र किंवा पैशांची पावती यांसारख्या मौल्यवान दस्तऐवजाची बनवेगिरी असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. जमिनीच्या कोणत्याही वादात हे कलम डकवता येते. दुसऱ्याची जमीन स्वतःची म्हणून विकणाऱ्याने स्वतःच्याच नावाने सही केली असेल तर तो बनावट दस्तऐवज ठरत नाही, असे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगूनही एफआयआरमध्ये हे कलम दिसतेच.

467 या एका आकड्याने बरेच काही बदलते. दोषारोपपत्राची मुदत 60 वरून 90 दिवसांवर जाते. जन्मठेपेचे नाव निघताच दंडाधिकारी हात आखडता घेतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला एक तृतीयांश शिक्षेइतका काळ गेल्यावर सोडायचे असते. ती सवलत जन्मठेपेच्या गुन्ह्याला लागू नाही. आणि गंमत अशी, की हाच गुन्हा चालतो तो प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांपुढे, ज्यांना स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. हस्ताक्षर तज्ज्ञांच्या अहवालाची वाट पाहत आरोपी तेवढा काळ आधीच काढू शकतो.

बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात कोठडी कधीच नको, असे मात्र नाही. माजी प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांना अशाच आरोपाखाली दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तो देताना त्या काही अमली पदार्थांच्या सूत्रधार किंवा दहशतवादी नाहीत, अशी टिप्पणी केली. वादातले दाखले लोकसेवा आयोगाकडे, ते देणाऱ्या कार्यालयांच्या नोंदवह्या सरकारकडे. अशा स्थितीत कोठडीतून काय हाती लागणार, हा प्रश्न रास्तच होता. पण गुन्हा अमली पदार्थांचा किंवा दहशतवादाचा नाही हे काही जामिनाचे कारण होऊ शकत नाही. खोटे दाखले एकट्याने तयार होत नसतात. शिक्के कुणाचे, दलाल कोण, टेबलापलीकडचा माणूस कोण, याचा शोध घ्यायचा असेल तर कोठडी अर्थपूर्ण ठरू शकते. तपास अधिकाऱ्याने ते नेमके मांडले पाहिजे. 'आरोपीकडून मुद्देमाल हस्तगत करणे बाकी आहे' हे छापील वाक्य त्यासाठी पुरेसे नाही, आणि ते वाचून जामीन फेटाळणारे न्यायालयही आपले काम करत नाही.

राहता राहिले पैसे. त्यासाठी महाराष्ट्राकडे 1999 पासून ठेवीदार हितसंरक्षण कायदा, एमपीआयडी, आहे. त्यात मालमत्ता जप्त करायची, सक्षम प्राधिकारी नेमायचा, विशेष न्यायालयाच्या आदेशाने ती विकून ठेवीदारांना वाटायची, अशी सगळी तरतूद आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 ने तर कोणत्याही गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करून जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याचा मार्ग खुला केला आहे. अडते ते अंमलबजावणीत. जप्तीची अधिसूचना निघेपर्यंत फ्लॅट मेव्हण्याच्या नावावर झालेला असतो आणि लिलावाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेवीदार थकलेला असतो. राज्य सरकारने आर्थिक गुन्हे शाखांना सनदी लेखापाल आणि सक्षम प्राधिकाऱ्यांना पूर्णवेळ कर्मचारी द्यावेत. गुन्हा दाखल झाल्यापासून किती दिवसांत जप्तीचा प्रस्ताव गेला, हे दर तिमाहीला जाहीर करावे. ठेवीदारांच्या संघटनांनीही आरोपीच्या जामिनाच्या तारखेला न्यायालयाबाहेर फलक घेऊन जमण्यापेक्षा जप्तीच्या अर्जाच्या तारखेला हजर राहावे आणि त्याच्या नावावरचे सातबारे, फ्लॅट, खाती आज कुणाच्या ताब्यात आहेत, हे सरकारी वकिलांना विचारावे.