परदेशी निघालेला ज्येष्ठ रुग्ण आणि आपली पुडी

"मुलाकडे अमेरिकेला निघालो आहे, सहा महिन्यांचे औषध बांधून द्या," असे म्हणणारा सत्तरीचा रुग्ण ज्याच्याकडे आला नाही, असा वैद्य आज महाराष्ट्रात विरळाच. प्रवास दोन-चार दिवसांवर आलेला असतो. वैद्यही जुन्या स्नेहापोटी सकाळ-संध्याकाळच्या तीनशे साठ पुड्या बांधवून देतात. पुडीवर नाव नसते, घटकद्रव्ये नसतात, तारीख नसते. ही पद्धत आपण सर्वांनी मिळून थांबवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे धोका प्रथम रुग्णाला आहे आणि त्यानंतर आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेला.

प्रथम शास्त्राचाच विचार करू. देश, काल, वय, अग्नी व बल पाहून औषध योजावे, हा आपला मूलभूत सिद्धान्त. पुण्याच्या वैशाखात ठरविलेली मात्रा बोस्टनच्या हिमवृष्टीत तशीच चालू ठेवणे या सिद्धान्तात कसे बसते? रसकल्पांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. वृद्धावस्थेत वृक्काचे कार्य मंदावलेले असताना धातुघटित औषध सहा महिने कोणत्याही तपासणीविना घेतले जावे, हे कोणत्याही रसवैद्यास मान्य होणार नाही.

आता व्यवहाराकडे वळू. अमेरिकेत अशा पालकांना साधारणतः सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. स्वतःच्या उपयोगासाठी न्यावयाच्या औषधांबाबत तेथील सर्वसाधारण मर्यादा मात्र तीन महिन्यांची आहे. औषध मूळ वेष्टनात असावे व सोबत चिकित्सकाचे पत्र असावे, अशी तेथील अपेक्षा आहे. २०१८ पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातसामानातील ३५० मिलिलिटरहून अधिक आकारमानाच्या चूर्णाची वेगळी तपासणी होते व समाधान न झाल्यास ते काढून घेतले जाते. निनावी पांढरी-करडी पुडी पाहून तेथील अधिकाऱ्यास शंका आली, तर त्याला दोष कसा द्यावा?

याहून मोठे संकट घटकद्रव्यांचे आहे. प्रवासात अतिसार झाल्यास असावे म्हणून जातीफलादी चूर्ण किंवा कर्पूर रस सोबत देण्याचा मोह होतो. पहिल्यात भांग आहे, दुसऱ्यात अहिफेन. आपल्याकडील अनेक प्रवासी दुबई वा अबुधाबीमार्गे पुढे जातात, आणि त्या देशात साधी खसखस बाळगणेही गुन्हा ठरतो. सिंगापूरचे कायदेही असेच कडक आहेत. कुष्ठ म्हणजे उपलेट अनेक कल्पांत असते. ते साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने परवान्याविना सीमापार नेता येत नाही. युरोपीय संघात प्रवाशाला सामान्यतः दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, तर न्यूझीलंड मधाला मज्जाव करतो. म्हणून सिद्धघृते व अवलेह देण्यापूर्वीही विचार हवा. परक्या विमानतळावर भाषेची अडचण असलेल्या वृद्ध दांपत्याला या गोष्टींचा जाब द्यावा लागू नये, ही जबाबदारी औषध देणाऱ्याची आहे.

तिसरा प्रश्न आहे परदेशी रुग्णालयाचा. रुग्ण तेथे अचानक आजारी पडला, तर तो कोणती औषधे घेतो, हे डॉक्टरांना कळावयास हवे. नित्याचे ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम उतरू शकते. मूत्रल गोळ्या चालू असणाऱ्यास हे घातक ठरेल. "वैद्यांची पुडी घेतो" एवढ्या उत्तरावर कोणता डॉक्टर निदान करील?

२००४ साली 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन'मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. प्रवाशाच्या बॅगेतून जाणारी पुडी मात्र या चाळणीतून जात नाही. "त्यांना भस्म कळत नाही," हे उत्तर आपल्या परिसंवादात चालेल. रक्तात शिसे सापडलेल्या रुग्णाच्या मुलासमोर ते चालणार नाही.

पुडी हीच आपल्या व्यक्तिनिष्ठ चिकित्सेची खूण आहे, असा आक्षेप काही ज्येष्ठ वैद्य घेतील. त्यांचा आम्ही आदर करतो. परंतु व्यक्तिनिष्ठता वैद्याच्या निर्णयात असते, कागदाच्या घडीत नव्हे. तोच योग नाव, घटक व मात्रा लिहून दिला, तर त्याचे मोल कमी होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रवासापूर्वी किमान एक महिना रुग्णास बोलवावे. चालू औषधांपैकी कोणती खरोखर आवश्यक आहेत, हे ठरवून बाकीची थांबवावीत. आवश्यक ती तीन महिन्यांपुरती, शक्यतो गोळीच्या रूपात द्यावीत. काचेच्या बाटलीतील आसव-अरिष्टे टाळावीत, कारण त्यांतील स्वयंजनित मद्यार्क मद्यबंदीच्या देशांत अडचणीचा ठरतो. औषधांची नावे, वनस्पतींची शास्त्रीय नावे, मात्रा व निदान लिहिलेले इंग्रजी पत्र सही-शिक्क्यासह द्यावे आणि त्याची एक प्रत मुलाकडे आधीच पाठवावी. सुंठ, ओवा, जिरे, हळद तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात. किरकोळ तक्रारींसाठी त्यांचा उपयोग समजावून सांगावा.

पथ्याची शिदोरीही द्यावी. शौचालयास उठावे लागू नये म्हणून पंधरा-सोळा तास पाणी न पिणारे व वेग अडवून धरणारे वृद्ध प्रवासी पुष्कळ असतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय याच वेगधारणाच्या दुष्परिणामांविषयी आहे. कडेचे आसन घ्यावे, थोडे थोडे कोमट पाणी प्यावे, दर दोन तासांनी उठून चालावे, एवढे सांगितले तरी मलावष्टंभ व पायांची सूज पुष्कळ टळेल; शिरांत रक्त गोठण्याचा धोकाही कमी होईल.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती की, अशा ग्राहकास सुटे चूर्ण देऊ नये. औषध नियम, १९४५ मधील नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व उत्पादन दिनांक छापलेले मूळ बंद वेष्टनच द्यावे आणि रुग्णाच्या नावाचे बिल द्यावे. ग्राहक "लेबल कशाला?" म्हणाला, तरी आपण ढिलाई करू नये.

यात वेळ जाईल, विक्रीही थोडी घटेल. परंतु आपला रुग्ण सुखरूप पोहोचला, सुखरूप परतला आणि तेथील डॉक्टरांनीही पत्र पाहून त्याच्या वैद्याविषयी चार चांगले शब्द काढले, तर आयुर्वेदाचा याहून चांगला प्रचार कोणता?