बाईच्या हौसेला मोल किती?

२०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने एक नियम बदलला. हौशी वैमानिक जी छोटी, हलकी विमानं उडवतात, त्यांच्याविषयीचा हा नियम. बातमी तशी आपल्या परतूरपासून फार लांबची. दुधनेला पाणी किती, सोयाबीनला भाव काय, तपोवन आज वेळेवर आहे का, या आपल्या रोजच्या चौकशा. त्यात विमान कुठून आलं, असं कुणी विचारलं तर चूक नाही. पण मैत्रिणींनो, या बातमीच्या आड बायकांच्या आयुष्यातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. म्हणून आज जरा वर बघू या.

आधी ही विमानं कसली ते समजून घेऊ. मुंबईला जायला आपण बसतो ती मोठी जेट विमानं यात धरायची नाहीत. ही एक-दोन माणसांची, एका पंख्याची विमानं. आपल्याकडे ज्याला मायक्रोलाइट म्हणतात, त्या दोन आसनी विमानाचं माणसं-पेट्रोलसकट वजन ४५० किलोच्या आत असावं लागतं. म्हणजे साडेचार क्विंटल! कापसाच्या हिशेबात बघा, टेम्पोत सहज मावेल एवढा माल. त्याहून थोडं मोठं ते लाइट स्पोर्ट विमान, त्याची मर्यादा ६०० किलो. रस्त्यावरची जुनी मारुती ८०० रिकामी असतानाच याहून जड भरायची. अमेरिकेत तर ११५ किलोच्या आतलं एका माणसाचं विमान उडवायला १९८२ पासून लायसनही लागत नाही. २००४ मध्ये तिथे 'स्पोर्ट पायलट' हे सोपं लायसन आलं. किमान वीस तासांचं उड्डाण आणि डॉक्टरी तपासणीच्या जागी गाडीचं लायसन चालतं. नव्या नियमाने ६०० किलोची अट काढून टाकली. विमान किती जड, यापेक्षा ते किती कमी वेगात सावरून उडू शकतं, हे आता बघितलं जातं. त्यामुळे चार आसनी विमानंही या लायसनवर उडवता येतात, मात्र सोबत प्रवासी एकच. वैमानिकांसाठी हा बदल २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला.

थोडक्यात काय, तर तिकडचं सरकार म्हणतंय, ज्यांना फक्त आनंदासाठी उडायचंय त्यांच्या वाटेतली काही कुंपणं काढू या.

'फक्त आनंदासाठी.' हे शब्द वाचून आपल्यापैकी किती जणींच्या कपाळावर आठी पडली असेल?

या जातीच्या विमानातून आपल्याच एका मुलीने जे केलंय ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. मुंबईची आरोही पंडित, बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेली. जुलै २०१८ मध्ये कैथेर मिस्किटा या मैत्रिणीबरोबर ती पतियाळाहून जगप्रवासाला निघाली. विमान स्लोव्हेनियात बनलेलं 'सायनस', नाव ठेवलं 'माही', म्हणजे पृथ्वी. पुढचा टप्पा आरोहीने एकटीने केला. मे २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या विक गावाहून निघून, आइसलंड आणि ग्रीनलंडला थांबत ती कॅनडातल्या इकालुइटला उतरली. लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री. तेव्हा वय वर्षं २३. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलास्काहून रशियातल्या अनादिरला जाऊन तिने पॅसिफिकचं टोकही ओलांडलं.

असल्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर? आपला पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो बरोबरच आहे. सायनसचे पंख लांब, घारीसारखे. एक किलोमीटर उंचीवर इंजिन थांबलं तरी ते तरंगत पंचवीसेक किलोमीटर जातं. परतूरच्या डोक्यावर बंद पडलं आणि वाऱ्याने साथ दिली, तर मंठ्याच्या किंवा सेलूच्या बाजूला एखादं मोकळं रान गाठता येईल. अशा अनेक विमानांना सबंध विमानासकट खाली आणणारं पॅराशूटही बसवता येतं. धोका नाही असं मुळीच नाही. पण आपण समजतो तसा हा निव्वळ जिवावरचा खेळही नाही. खाली बर्फाचा समुद्र असला की गोष्ट वेगळी, तिथे उतरायला रान नसतं. म्हणून तर आरोहीच्या धैर्याचं कौतुक.

आता मुख्य मुद्दा. आपल्या देशातल्या व्यावसायिक वैमानिकांमध्ये स्त्रिया सुमारे १५ टक्के आहेत. जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. या बाबतीत आपण अमेरिका-युरोपच्या खूप पुढे आहोत, आणि याचा अभिमान वाटायलाच हवा. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये सगळ्या बायकांच्या चमूने चालवलेलं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, तेव्हापासून हा रस्ता रुंद होत गेला. मग हौस म्हणून उडणाऱ्या बायका आपल्याला का दिसत नाहीत? अमेरिकेत लहान गावातसुद्धा फ्लाइंग क्लब असतो, शनिवार-रविवारी कुणी शिक्षिका, कुणी नर्स तासभर उडून येते. आपल्याकडे हौशी उड्डाण पुरुषांतही कमी, बायकांत तर शोधावं लागेल.

याचं एक कारण पैसा, ते पुढे बघू. पण दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. मुलगी पायलट होते म्हटलं की बाप कर्ज काढायला तयार होतो, कारण शेवटी पगार आहे. पगार म्हणजे परवानगी! नोकरीसाठी मुलगी संभाजीनगरला एकटी राहिली तर चालतं, क्लासला लातूरला गेली तर चालतं. पण 'मला उडायला आवडतं' एवढंच कारण सांगितलं तर? "त्याचा उपयोग काय?" हा प्रश्न मुलाला एकदा विचारतात, मुलीला आयुष्यभर. गाणं शिक, पण कार्यक्रमापुरतं. पोहायला शीक, पण तब्येतीसाठी. बाईच्या प्रत्येक हौसेला उपयोगाचं तिकीट लागतं. हौसेला मोल नाही म्हणतात, ते पुरुषांच्या हौसेला. बाईच्या हौसेचा पै-पैचा हिशेब होतो.

गंमत बघा, आपली सगळी विमानसेवा एका पुरुषाच्या हौसेतून उभी राहिली. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये भारतातलं पहिलं वैमानिकाचं लायसन मिळालं ते नोकरीसाठी नव्हतं, आवड म्हणून. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन छोटं विमान मुंबईच्या जुहूला उतरवलं, आणि त्यातूनच पुढे एअर इंडिया झाली. त्यांना कुणी उपयोग विचारला नसेल असं नाही, पण थांबवलं नाही. त्यांच्यानंतर काही वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरला सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवत होत्या. वय २१, घरी लहान मुलगी. पुढे पती विमान अपघातात गेले, युद्ध आलं, नागरी प्रशिक्षण बंद झालं आणि त्यांचं उडणं थांबलं ते थांबलंच. पुढे चित्रकला आणि डिझायनिंगमध्ये त्यांनी नाव काढलं, पण आकाश सुटलं.

टाटांच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून १५ ऑक्टोबर २०२१ ला आरोहीने भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत तसंच उड्डाण केलं, तेही जीपीएस न वापरता. भूजच का? १९७१ च्या युद्धात तिथली धावपट्टी बॉम्बने उखडली गेली, तेव्हा माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत ती पुन्हा उभी केली होती. धावपट्टी बांधायला बायका चालतात. मग तिच्यावरून उडायला का नकोत?

सरकार बायकांना उडवतंय की, असं कुणी म्हणेल. खरं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली 'नमो ड्रोन दीदी' योजना आपल्या बचत गटांतल्या बायकांना माहीत आहे. १५ हजार गटांना ड्रोन द्यायचं उद्दिष्ट, किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत अनुदान, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. गावातली बाई फवारणीचं यंत्र हवेत फिरवते, चार पैसे कमावते, लोक 'पायलट' म्हणतात. फार चांगली गोष्ट. पण तीही कामाचीच. बाई जमिनीवर उभी आणि वर जातं ते औषध.

"अगं बाई, इथे प्यायला पाणी नाही, शेतकरी कर्जात, आणि तू विमानांचं काय सांगतेस?" हा आक्षेप मी टाळणार नाही. मराठवाड्यात बसून हौशी विमानांवर लिहायला थोडा संकोच वाटतोच. पण आठवून बघा, मुलींच्या सायकलीलाही एकेकाळी हेच म्हणत होते. मानव विकास कार्यक्रमातून गावच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि शाळा सुटण्याचं एक कारण कमी झालं. स्कूटी आली तेव्हा 'पोरीला कशाला' म्हणणारे आज सुनेच्या मागे बसून दवाखान्यात जातात. जी गोष्ट आज चैन वाटते ती उद्या कुणाची तरी वाट होते. पाणी आणि पंख, यातलं एकच माग, असं मुलींना सांगायचं कशाला?

आता पैशाचं. नवं दोन आसनी विमान कोटीच्या घरात जातं, तेव्हा विकत घ्यायची गोष्ट सोडाच. व्यावसायिक लायसनला किमान २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या पुढे जातो. ते आपल्यासाठी शेत विकण्याचं प्रकरण. पण खासगी लायसनला दहावी पास, वय १७ आणि किमान ४० तास पुरतात. तेही स्वस्त नाही, तरी पायरी लहान आहे. परदेशात दहा जण मिळून एक विमान ठेवतात, पेट्रोल ज्याचं त्याचं. ही कल्पना आपल्याला परकी आहे का? भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या बायकांना कुणी वर्गणीचं गणित शिकवायला नको! अडचण अशी की असं विमान ठेवायला, शिकवायला, तपासायला जवळ कुणी नाही.

या 'कुणी नाही'ची किंमत मोठी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका चोविशीतल्या मुलाने घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवलं. चाचणीच्या वेळी पंखा तुटला आणि त्याचा जीव गेला. शिक्षण आठवीपर्यंत, ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंचं, आणि "थांब, आधी हे तपासू" म्हणणारं कुणी नाही. दुसरीकडे कॅप्टन अमोल यादव. ते स्वतः वैमानिक, त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि उडवायची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. एकाला नियम सांगणारं कुणी भेटलं नाही, दुसऱ्याला नियमांतून वाट काढताना वर्षं गेली. या दोन टोकांच्या मध्ये गावाजवळचा क्लब, कार्यशाळा, शिकवणारी माणसं असायला हवीत. हौशी उड्डाणाची संस्कृती म्हणतात ती हीच, नुसती श्रीमंतांची मौज नव्हे.

कागदावर हे आपल्याकडेही आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. मायक्रोलाइट, ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, हौशींनी बांधलेली विमानं, विमानांच्या प्रतिकृती, सगळं त्यात आहे आणि २०३० पर्यंत देशाला या खेळांत पुढे न्यायचं स्वप्नही आहे. पण मराठवाड्यातल्या मुलीला त्यातलं काय दिसतं? तिला खरोखर परवडणारी एकच वाट, एनसीसीची हवाई शाखा. तिथे कॅडेटला मायक्रोलाइटमध्ये बसून उडायचा अनुभव मिळतो, घरच्यांना लाखो रुपये मोजावे लागत नाहीत. देशातल्या एनसीसी कॅडेटांत सुमारे ४० टक्के मुली आहेत. महाराष्ट्रातली हवाई पथकं मात्र मुंबई, पुणे आणि नागपूरला. परतूरच्या मुलीने काय करायचं? उलट लातूर, धाराशिवच्या धावपट्ट्यांवर प्रवासी विमानांची रोजची वर्दळ नाही. तिथे वर्षातून काही आठवडे एनसीसीची विमानं आणून मराठवाड्यातल्या कॅडेट मुला-मुलींना उडवायला काय हरकत आहे? आमदार-खासदारांकडे आपण रस्ते मागतो, गाड्यांचे थांबे मागतो, हेही एकदा मागून बघायला हवं.

शाळांनाही थोडं करता येईल. थर्माकोलचं विमान बनवून मैदानात उडवायला फार पैसे लागत नाहीत. पंख कसा उचलतो, वारा कुठून घ्यायचा, हे हाताने कळलं की भौतिकशास्त्राची भीतीही जाते.

आणि आपण घरी काय करायचं? पुण्याच्या शीतल महाजनने २००४ मध्ये आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा लोकांनी फोटो आवडीने पाहिले. पण तिलाही सुरुवातीला "कशासाठी?" हा प्रश्न चुकला नसेल. आपली मुलगी उद्या येऊन म्हणाली, "आई, मला एकदा वर जाऊन आपलं गाव बघायचंय," तर लगेच पगार किती मिळतो असं विचारू नका. आधी तिला विचारा, वरून तुला काय काय बघायचंय?