केंडमाशाचे दात

मुलांच्या हट्टापायी काचेच्या पेटीत केंड, म्हणजे फुगणारा मासा आणलात ना? केरळच्या नद्यांतला हा पिटुकला जेमतेम इंचभर. पण सगळ्या केंडांसारखे याचेही दात जन्मभर वाढतात. नुसत्या मऊ खाण्यावर ते झिजत नाहीत. फार वाढले तर घास घेता येत नाही आणि अन्न समोर असून बिचारा उपाशी मरतो. म्हणून पाणवनस्पतींवर येणाऱ्या बारीक गोगलगायी बरणीत वाढवा. दर दोन-तीन दिवसांनी चार-पाच द्या. जोडीला दुसरे मासे नकोत, त्यांच्या शेपट्या कुरतडतो. आणि हो, मुलांना काच वाजवू देऊ नका. तो फुगतो ते गमतीनं नाही, भीतीनं!