न उघडता निकाल नको

या आठवड्यात मला राग आलाय तो ‘यापेक्षा नवाच घ्या’ या वाक्याचा. शेजारच्या वहिनींचा मिक्सर बंद पडला. एका सर्व्हिस सेंटरमध्ये तो नुसता हलवून पाहिला आणि न उघडताच हा निकाल दिला. वहिनी मिक्सर पिशवीत घालून थेट आमच्याकडे आल्या. ‘‘भावजी, भंगारात घालायच्या आधी बघा की जरा.’’

माझा स्क्रू-ड्रायव्हरांचा पत्र्याचा डबा या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. प्लग काढून ठेवला, तळ उघडला, तर मोटरचा एक कार्बन झिजून नखाएवढा उरलेला. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायचं काम हे दोन कार्बन करतात. ते सतत घासतात, म्हणून झिजतात, आणि झिजणार हे माहीत असल्यामुळेच ते बदलता येतील असे बसवलेले असतात. बाजारातून नवी जोडी आणून घातली. संध्याकाळी वहिनींकडे खोबऱ्याची चटणी वाटली गेली. चांगली मोटर भंगारात निघाली होती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या देशी मिक्सरचा जन्मच मुळी अशा बंद पडलेल्या यंत्रातून झालाय. मुंबईत माधुरी माथूर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला आणि तो दुरुस्त करून देणारं कोणी मिळेना. पती सत्यप्रकाश माथूर इंजिनिअर होते. आपलं ओलं-सुकं वाटण झेपेल अशी दणकट मोटर घालून त्यांनी नवंच यंत्र उभं केलं. 1963 चा ‘सुमीत’ तो हाच.

आणि आपण तर बेळगावचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते या गावात. सायकली विकायच्या आणि दुरुस्तही करायच्या. यंत्राशी जडलेली ती ओळख पुढे कडबा कापायच्या यंत्रापर्यंत, लोखंडी नांगरापर्यंत गेली. 1910 मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, इथे किर्लोस्कर रोड हे नाव राहिलं. आमच्या खासबाग, वडगाव, शहापूर भागात तर घरोघरी मागांचा खडखडाट ऐकत पोरं मोठी झाली. माग थांबला की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून विणकर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची वाट बघत बसत नाही, आधी स्वतः हात घालतो. ज्या वस्तीत धोटा का अडकला हे आवाजावरून सांगणारी माणसं आहेत, तिथे मिक्सर न उघडता मोडीत काढावा?

आवाजावरून आठवलं. चावीच्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल अनेकांनी विचारलंय. जुनं घड्याळ बंद पडलं की लोक मशीन काढून आत बॅटरीचं यंत्र बसवतात. कृपा करून तसं करू नका. आधी डोळे मिटून त्याची टिकटिक ऐका. ‘टिक’ आणि ‘टक’ यांमधलं अंतर सारखं हवं. एक लांब आणि एक आखूड येत असेल तर घड्याळ भिंतीवर तिरकं बसलंय. खालची बाजू किंचित डावी-उजवीकडे सरकवत राहा, ठेका सारखा झाला की थांबा. रंगकामानंतर ‘बिघडलेली’ कितीतरी घड्याळं एवढ्यावर चालू होतात.

मागे पडत असेल तर लंबकाच्या खालची चकती फिरवून गोळा थोडा वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. लांबी वाढली की झोका संथ होतो. एका बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक सुमारे 99.4 सेंटिमीटर लांब असतो. अर्ध्या सेकंदाचा त्याच्या चौथाई. पितळी दांडीचं घड्याळ तर दहा अंशांनी उष्मा वाढला की दिवसाला आठेक सेकंद मागे पडतं. म्हणून एप्रिलमध्ये त्याला दोष देऊ नये. आणि खोबरेल तेल अजिबात घालायचं नाही. थंडीत ते गोठतं, धूळ धरतं, चिकट होतं. घड्याळाचं तेल आणा आणि चाकाचा दांडा पत्र्याच्या भोकात जिथे फिरतो तिथे सुईच्या टोकाने टिपूस लावा, दात्यांना नाही. मुख्य स्प्रिंगची डबी मात्र घरी उघडू नये, सुटलेली स्प्रिंग बोट कापते. ती घड्याळजींकडेच न्यावी. असे घड्याळजी आता गावात मोजकेच उरलेत, त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही, ही काळजी मला मिक्सरपेक्षा मोठी वाटते.

सरकारनेही दुरुस्तीचा हा विषय हातात घेतलाय. ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या जुलैत ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघाने 2024 मध्ये यावर निर्देशच काढला. चांगलं आहे. पण त्रिकोणी खाचेचे स्क्रू आणि डिंकाने चिकटवलेली झाकणं घालून ज्या वस्तू बाजारात येतात, त्या घेणारे आपणच आहोत.

तेव्हा यंदा पंखा, इस्त्री, मिक्सर, काहीही घ्यायला गेलात तर रंगाच्या आधी दुकानदाराला विचारा, की याचे सुटे भाग मिळतात का आणि हे उघडता येतं का. नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. आणि घरात चावीचं घड्याळ बंद पडून असेल, तर या रविवारी खासबागच्या बाजारातून भाजी आणून झाली की ते भिंतीवर सरळ करून ऐका.